भाऊसाहेबांचं मंद यंत्र

“सात मिनिटं वीस सेकंद,” भाऊसाहेब गुंजाळ मनगटावरच्या घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. “या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे, काठी घेऊन चालते. काल तिला लावली चालायला. चार मिनिटांत गेली. मध्ये थांबून खोकलीसुद्धा.”

“आईंना कशाला त्रास दिलात?” मी म्हणाले.

“मग काय करू? तुमच्या शेठना पुरावा लागतो.”

मी पान्यांची पेटी खाली ठेवली. समोर हिरवळीवर ते यंत्र चाललं होतं, म्हणजे चालल्यासारखं दिसत होतं. एक साळुंकी त्याच्या पुढ्यातून किडे टिपत चालली होती आणि तिला उडायची काही घाई नव्हती. यंत्राच्या मागे धोतराचा सोगा खोचून, अनवाणी पायांनी सोपानकाका हासे चालले होते. ते तिथले माळी. दांडा धरून, मान किंचित खाली घालून ते काहीतरी पुटपुटत होते. या वयात माणसं देवाचं नाव घेतात, तसं काही असेल असं मी समजले.

संगमनेरहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाऊसाहेबांचं सुमंगल लॉन्स होतं. लग्नं, साखरपुडे, सत्कार, जावळं, सगळं तिथं व्हायचं. एकरभर हिरवळ, एका टोकाला स्टेज, मागे आचाऱ्यांची शेड. आषाढात त्यांनी आमच्या शेठकडून गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र घेतलं होतं, तेही आपोआप चालणारं. ते ढकलावं लागत नाही. दांड्याजवळची पट्टी दाबली की इंजिनाची ताकद एका रबरी पट्ट्यावरून मागच्या चाकांकडे जाते आणि यंत्र पुढे निघतं. माणसानं मागून फक्त चालायचं. माहितीपत्रकात एक गोरा माणूस हसत हसत त्याच्या मागून चालताना दाखवला होता. सोपानकाकांच्या मागून मात्र त्यांचा मालक घड्याळ घेऊन चालत होता.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि नाशिकला छाजेडशेठच्या दुकानात सर्व्हिस इंजिनिअर म्हणून सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. डिप्लोमाला आमच्या वर्गात मी एकटी मुलगी. त्यामुळे मी स्वतःला फार हुशार समजत होते, आणि जग तसं समजत नाही याचा मला सतत राग यायचा. भाऊसाहेबांनी त्या रागात पहिल्याच खेपेला भर घातली होती. पहिल्या तक्रारीला मी एसटीनं तिथं पोचले तेव्हा ते म्हणाले, “इंजिनिअर कधी येणार?”

“मीच.”

“नाही, म्हणजे ते मशीन उघडतात ते?”

“मीच उघडते.”

“बरं, बरं,” ते समजूतदारपणे म्हणाले. “मग ते येईपर्यंत चहा घ्या.”

तर ती पहिली खेप. तेव्हाही तक्रार हीच, की यंत्र मंद चालतं. दांड्याजवळची पट्टी दाबली की जी तार ओढली जाते ती मी तपासली, तर सैल होती. तिचा नट चार आटे आवळला. मागची चाकं अधांतरी राहतील असं यंत्र विटांवर टेकवून सुरू केलं. चाकं हवेत गरागरा फिरली. मी भाऊसाहेबांकडे बघितलं, कार्डावर सही घेतली आणि परतीची एसटी पकडली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. दांड्याला लाल-पिवळा गोंडा बांधलेला होता आणि इंजिनावर हळदीकुंकू होतं, तेही मी पाहिलं. आपल्याकडे नव्या वस्तूची पूजा कोण करत नाही? मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

हवेतली चाकं आणि जमिनीवरची चाकं यांत फरक असतो, हे पुस्तकात पहिल्या पानावर दिलेलं होतं. हवेत काही ओढायचं नसतं, त्यामुळे पट्टा घसरत असला तरी चाकं फिरतात. पण हुशार माणूस पहिलं पान वाचत नाही.

चार दिवसांनी पुन्हा तक्रार. या वेळी मी खालचं झाकण उघडलं. दोन स्क्रूंचं साधं झाकण, आणि आत तो पट्टा, तेलानं ओला आणि चकचकीत. मी मनातल्या मनात टाळीच वाजवली. पट्ट्याला तेल लागलं की तो पकड सोडून कप्पीवर नुसता घसरतो, चाकांपर्यंत जोर पोचतच नाही. आणि तेल येणार कुठून? इंजिनातून! तेल मधासारखं पिवळसर होतं, नवं इंजिन ऑइलही तसंच असतं. म्हणजे इंजिनाखालचं सील गळतंय. मी चार तास बसून इंजिन उतरवलं, सील बदललं, नवा पट्टा घातला. भाऊसाहेब खुर्ची टाकून बघत बसले होते. काम संपल्यावर त्यांनी मला “इंजिनिअर मॅडम” म्हटलं. मी परत येताना एसटीत खिडकीची जागा मिळाल्याइतकी खूष होते.

त्याच आठवड्यात तिसरी तक्रार आली. छाजेडशेठ कधी आवाज चढवत नसत, आणि त्यांच्या शांतपणाचीच जास्त भीती वाटायची. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “बेटा, एका तक्रारीसाठी तीनदा जाणारा माणूस मला परवडत नाही. या खेपेला कार्ड बंद करून ये. कारण पाहिजे, आणि ते पुन्हा होणार नाही असं पाहिजे. नाहीतर सोमवारपासून काउंटरवर बस आणि फोन घे. तिथंही चांगली मुलगी लागते.”

ती ‘चांगली मुलगी’ मला बाणासारखी लागली. काउंटरवर बसून “नमस्कार, कंपनीकडून बोलतेय” म्हणायचं होतं तर तीन वर्षं लेथवर हात कशाला काळे केले? आई तर आधीपासूनच म्हणत होती, टायपिंग शिक म्हणून. माझं सगळं त्या पान्यांच्या पेटीवर अवलंबून होतं, आणि ती पेटी आता एका गवत कापायच्या यंत्राखाली सापडली होती.

भाऊसाहेबांचंही काहीतरी अडलं होतं. शनिवारी त्यांची एकसष्टी होती, त्यांच्याच हिरवळीवर. आज गुरुवार. मांडववाले उद्या संध्याकाळी येणार होते. पाऊस रोज पडत होता आणि गवत असं वाढत होतं की विचारू नका. हात जोडलेल्या भाऊसाहेबांचा मोठा फलक हिरवळीच्या कडेला उभा केला होता, त्यातले त्यांचे जोडलेले हात गवतात बुडाले होते.

“मॅडम,” भाऊसाहेब म्हणाले, “आज काय ते एकदा कळू द्या. चूक मशीनची असेल तर मशीन परत घेऊन जा. चूक चालवणाऱ्याची असेल तर म्हाताऱ्याला घरी पाठवतो, पोरगा ठेवतो एखादा. मला दोन्ही चालेल. फक्त गवत चालणार नाही.”

एवढं बोलून ते पत्रिका वाटायला गेले.

मी सोपानकाकांना हात करून थांबवलं. त्यांनी यंत्र बंद केलं आणि माझ्यासाठी बाजूला झाले. तिन्ही खेपांना त्यांनी हेच केलं होतं. मी आले की बाजूला व्हायचं, चार हात लांब उकिडवं बसायचं आणि बघत राहायचं.

यंत्र गरम होतं. मी वाकले आणि नाकात फोडणीचा वास शिरला. हा वास मागच्या दोन्ही वेळांनाही आला होता. तेव्हा वाटलं होतं, मागच्या शेडमध्ये आचारी काहीतरी करतायत. पोट खवळलं होतं एवढंच आठवतं. आज मी सहज मागे वळून पाहिलं. शेडला कुलूप होतं.

मी पुन्हा वाकले. पुन्हा वास, चांगला खमंग. वास यंत्रातून येत होता.

मी घाईघाईनं झाकणाचे दोन स्क्रू काढले. आत नवा पट्टा, पाच दिवसांपूर्वी मीच घातलेला, पहिल्यापेक्षा जास्त ओला. बोट फिरवलं तर बोट पिवळं झालं, नखाच्या कडेला दाट पिवळं. इंजिनाचं तेल असं रंग सोडत नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, भाऊसाहेब नव्हते, आणि मी ते बोट जिभेला लावलं. हे डिप्लोमात शिकवत नाहीत.

हळद. गोडं तेल आणि हळद.

“सोपानकाका!” मी ओरडलेच. “यात तेल कुणी घातलं?”

“मीच की,” सोपानकाका म्हणाले. लपवाछपवी नाही, ओशाळणं नाही. उलट कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता. “रोज घालतो. काम झालं की.”

“रोज?”

“एक दिस चुकवला न्हाई. घरची म्हणती, फोडणीला ठेवा थोडं.”

माझ्या कानशिलातून वाफ निघायची बाकी होती. चार तास उतरवलेलं ते इंजिन, ते सील, ती ‘इंजिनिअर मॅडम’, सगळं डोळ्यांपुढून गेलं. “कशाला पण? कशाला घालता?”

“आसं काय करता ताई?” त्यांना माझंच आश्चर्य वाटलं. “खांद्याला नको व्हय? दिसभर वढतोय बिचारा. पोळ्याच्या आदल्या दिशी खांदेमळण केली त्याची. पह्यली.”

आमच्या भागात ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद आणि तेलानं नाहीतर लोण्यानं चोळतात. वर्षभर जू घासून सोललेला, सुजलेला खांदा त्या दिवशी मऊ करायचा. मग दुसऱ्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही, सजवायचं, पुरणपोळी घालायची. माझ्या आजोळी मी हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण ते मी एका यंत्राच्या झाकणाखाली शोधत नव्हते.

“काका, याला खांदा कुठंय?”

ते पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि अगदी हळू, दुखऱ्या जागी ठेवतात तसं बोट त्या पट्ट्यावर ठेवलं. “ह्यो काय. हितं. इंजन वढतं ते ह्याच्यावर, आन् चाकं फिरत्यात ती ह्याच्यावर. सगळी वढ ज्याच्यावर, त्यो खांदा. दुसरा कुठला आसंल?”

खांद्याचं सोडलं तर बाकी सगळं त्यांचं बरोबर होतं. ताकद कुठून कुठं जाते हे ते कुणी न शिकवता, नुसतं झाकण उघडून ओळखून बसले होते. मला ते शिकायला दोन सेमिस्टर लागली होती.

“आन् गुण आला की त्याला,” ते पुढे म्हणाले. “पोळ्याच्या आधी काय उधळायचा! नुसता पळायचा. मी मागून पळतोय, धोतर सुटतंय, जेवणाला आल्याली बाया-माणसं हासत्यात. खांदेमळण केली, आन् शांत झाला. मंग मी रोजच लावाय लागलो. मधी तुमी कायतरी केलं, तो परत उधळला. मंग मी जादा लावलं.”

म्हणजे एवढे दिवस माझी आणि या माणसाची झुंज चालली होती. मी आवळायची, ते चोळायचे. मी हुशारीनं यंत्र पळवायची, ते मायेनं त्याला थांबवायचे. आणि दोघांनाही वाटत होतं की आपण दुरुस्त करतोय.

मला हसूही येत होतं, पण रागानं ते वर येऊ दिलं नाही. शनिवार, काउंटर, छाजेडशेठ, सगळं डोक्यात होतं. मी तोंड सोडलं. “पण असं न विचारता कुणी तेल घालतं का? यंत्र म्हणजे बैल आहे का? मी तीन खेपा घातल्या, काका! तीन वेळा नाशिकहून इथं! माझी नोकरी जायची वेळ आलीय! एका शब्दानं सांगायचं होतं!”

सोपानकाका उठले. हातावरचं तेल त्यांनी धोतराला पुसलं. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“तीन खेपा आलीस खरी,” ते म्हणाले. ‘ताई’ गेली, ‘तुमी’ही गेलं. “तिन्ही येळा मी हितंच व्हतो, पोरी. तू मशीनला इचारलंस, भाऊला इचारलंस, त्या बुकाला इचारलंस. मला काय इचारलंस?”



मला आठवायचं नव्हतं, पण आठवलं. आषाढात ते यंत्र पोचवायला मीच आले होते. वापरायचं कसं ते मी भाऊसाहेबांना दहा मिनिटं सांगितलं. ते मोबाईलवर बोलत होते, मोबाईल नवा होता. इंग्रजीतलं पुस्तक मी त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते स्टेजच्या खोलीत ठेवलं. पट्ट्याला कधी तेल लावू नये, हे त्यात पान अकरावर मोठ्या अक्षरात आहे. आणि यंत्राजवळ एक म्हातारा माणूस हात बांधून उभा होता, वाकून वाकून बघत होता. त्याला मी एकच वाक्य बोलले होते, “काका, जरा बाजूला व्हा.”

तेव्हापासून ते बाजूला होत होते.

मला लाज वाटली. भाऊसाहेबांनी मला चहा पाजून इंजिनिअरची वाट बघायला लावली म्हणून मी दहा दिवस धुमसत होते, आणि मी स्वतः काय केलं होतं? मी यांना चहासुद्धा विचारला नव्हता. आणि तक्रार कधीपासून आहे एवढं जरी त्यांना विचारलं असतं, तरी “पोळ्यापासून” असं उत्तर मिळालं असतं, आणि आजोळी बैल असलेल्या मुलीला पुढचं कळायला हवं होतं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

“आता चुकलं तं चुकलं,” ते म्हणाले. “त्याला काय झालंय ते सांग. लावू नको का तेल?”

मी त्यांना शेजारी बसवलं. पट्टा काढून त्यांच्या हातात दिला आणि दुसरा, पेटीतला कोरा पट्टा दुसऱ्या हातात. कोरडा पट्टा बोटाला धरतो, तेलकट पट्टा निसटतो. ते त्यांनी दोनदा करून पाहिलं.

“हा खांदा नाही, काका,” मी म्हणाले. “ही जोती आहे, ओढायची दोरी. जोतीला तेल लावलं तर?”

“गाठ सुटंल,” ते लगेच म्हणाले, आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजी मी त्याची जोतीच सोडत व्हतो? रोज?”

“आणि तो जागच्या जागी जोर करत होता.”

त्यांनी यंत्राच्या इंजिनावर हात ठेवला. “हौशा,” ते हळूच म्हणाले, “मपल्या ध्यानात न्हाई आलं बघ.” तेव्हा मला कळलं की त्याच्यामागून चालताना ते देवाचं नाव घेत नव्हते.

“पण मंग खांदा कुठला?” त्यांनी विचारलं. तो प्रश्न त्यांनी सोडला नव्हता.

मी यंत्र आडवं केलं. मागच्या चाकांच्या आसाशी, दोन्ही बाजूंना, बोट मावेल अशा खोबणीत, आस ज्यात फिरतो ते एकेक बुश असतं. ते घासतं, कोरडं पडतं, आणि तिथं तेल द्यायचं असतं. पहिल्या दोन्ही खेपांना मी ते केलं नव्हतं, दोन्ही बुशं कोरडी ठणठणीत होती. “हे बघा. घासतं ते इथं. दोन थेंब या बाजूला, दोन त्या बाजूला. आठवड्यातून एकदा. मशीनचं तेल, ही बाटली ठेवा.”

“हळद?”

“नको.”

“थोडी?”

“काका!”

“बरं, बरं. पोळ्याला तरी?”

मी विचार केला. बाहेरून आसावर चिमूटभर हळद लागली तर जगातलं कुठलंही यंत्र बिघडत नाही. “पोळ्याला लावा,” मी म्हणाले. “पण हितं.” ‘हितं’ हा शब्द माझ्याच तोंडून गेला.

मग कप्प्या साबणाच्या पाण्यानं धुतल्या, पुसल्या, वाळवल्या. तेल लावणारेही तेच आणि पुसणारेही तेच. नवा पट्टा मी त्यांच्याच हातानं चढवून घेतला. एकच गोष्ट राहिली होती. “पण आता तो परत पळंल,” ते म्हणाले, “आन् मपले गुडघे पळायचे न्हाईत.”

दांड्यावर एक छोटा खटका होता. त्याच्या एका टोकाला सशाचं चित्र, दुसऱ्या टोकाला कासवाचं. मी बोट ठेवलं. “हे कशाला आहे माहितीये?”

“चित्रं? लहान पोरांसाठी आसंल म्हणलं.”

“खटका कासवाकडे केला की हळू, सशाकडे केला की जोरात. मधे कुठंही ठेवा. तुमच्या पायांच्या हिशेबानं.”

सोपानकाकांनी त्या चित्रांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला न बोलता समजलं, आणि ते ते बोलले नाहीत हा त्यांचा मोठेपणा.

तेवढ्यात फाटकातून भाऊसाहेब आले. बगलेत पत्रिकांचा गठ्ठा, तोंडावर घाम. “काय, सापडलं का?”

“सापडलं,” मी म्हणाले.

“चूक कुणाची?”

मी कार्ड काढलं. त्यावर ‘बिघाडाचे कारण’ असा रकाना होता आणि पुढे चार चौकोन. उत्पादनातील दोष, नेहमीची झीज, हाताळणीतील चूक, इतर. ‘हाताळणीतील चूक’ या चौकोनात एक बरोबरची खूण केली की मी सुटणार होते. तक्रार कंपनीच्या अंगावरून जात होती, माझ्या अंगावरून जात होती, पेटी हातात राहत होती. ते खोटंही झालं नसतं. पट्ट्याला तेल त्यांनीच लावलं होतं. मी पेन त्या चौकोनावर नेलं, खरं सांगते, टेकवलंसुद्धा. तिथं एक ठिपका पडला तो शेवटपर्यंत राहिला.

भाऊसाहेब सोपानकाकांकडे बघत होते. सोपानकाकांनी टोपी काढून हातात घेतली होती. ते बोलायची तयारी करत होते हे मला दिसलं. तो माणूस खोटं बोलणारा नव्हता, हीच सगळी अडचण होती.

“भाऊ,” त्यांनी सुरुवात केली, “त्याचं आसं झालं, की ते त्याल मी...”

मी वाकून दोरी ओढली. इंजिन धडधडत सुरू झालं. सोपानकाका बोलत राहिले, त्यांचे ओठ हलत होते, मधेच त्यांनी खांदे चोळल्यासारखं करून दाखवलं, मग डोक्याला हात लावला. भाऊसाहेब कानामागे हात धरून “काय? काय?” करत होते. मी खटका सशाकडे लोटला आणि दांडा सोपानकाकांच्या हातात दिला. यंत्र निघालं, आणि कबुलीजबाब त्याच्यामागून निघून गेला.

भाऊसाहेबांनी घाईघाईनं घड्याळ वर केलं. साळुंकी या खेपेला उडाली.

“एक मिनिट पाच सेकंद!” यंत्र पलीकडच्या कोपऱ्यात पोचलं तसे ते ओरडले. “मॅडम, आईचा निकाल लागला!”

यंत्र वळून परत येईपर्यंत मी ‘इतर’ या चौकोनात खूण केली आणि पुढे लिहिलं, “यंत्र देताना ते चालवणाऱ्याला काही सांगितले नाही व त्यांना काही विचारलेही नाही. यंत्र देणारी : उज्ज्वला कानवडे.” खाली सही केली आणि कार्ड भाऊसाहेबांपुढे धरलं.

त्यांनी ते वाचलं. “म्हणजे चूक तुमची?”

“हो.”

“आणि हे तुम्ही वर तोंड करून सांगताय?”

“हो.”

त्यांनी सही केली. “बरं झालं,” ते म्हणाले, “मला वाटलं, म्हाताऱ्यानंच काहीतरी केलं असेल.” मग ते आपल्या फलकाभोवतीचं गवत आधी कापून घ्या असं ओरडत तिकडे गेले.

सोपानकाकांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्मं लॉन संपवलं. मी मुद्दाम शेवटची एसटी धरली आणि पायरीवर बसून बघत राहिले. भाऊसाहेब बघत असले की खटका सशावर असायचा, त्यांची पाठ फिरली की कासवावर. निघताना मी हात धूत होते तेव्हा ते जवळ आले. “कागदावर काय लिव्हलंस?”

“जे झालं ते.”

“मपलं नाव हाय?”

“नाही. माझं आहे.”

शेडच्या पायरीशी ठेवलेली पितळी त्यांनी उचलली, आतल्या निम्म्या भाकरीवर पिठलं घातलं आणि माझ्यापुढे धरली. मी तिथंच उभ्यानं खाल्ली. फोडणी चांगली होती.

छाजेडशेठनी दुसऱ्या दिवशी ते कार्ड दोनदा वाचलं. ‘हाताळणीतील चूक’च्या चौकोनातला तो ठिपकाही त्यांनी पाहिला, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. “हे खरं आहे?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कार्डावर असं खरं लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचतोय,” ते म्हणाले. क्षणभर मला वाटलं, वाचले. “पण मी जे सांगितलं होतं तेही खरं होतं, बेटा. एका तक्रारीला तीन खेपा. सोमवारपासून काउंटर.”

त्या रात्री मी खूप रडले. आई म्हणाली, बरं झालं, हात तरी स्वच्छ राहतील. पेटी पलंगाखाली गेली. सोमवारी मी साडी नेसून काउंटरवर बसले, समोर एक काळा फोन आणि तक्रारींची वही. दहाच्या सुमारास फोन वाजला. निफाडचे कुणी द्राक्षबागायतदार होते, खूप चिडलेले. त्यांचा फवारणीचा पंप जोर धरत नव्हता, दोनदा इंजिनिअर येऊन गेला होता, काही फरक पडला नव्हता. आता कुणीतरी मोठा माणूस पाठवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी वहीत तारीख घातली. पेन हातात घेतलं आणि थांबले.

“पंप चालवतं कोण?” मी विचारलं.

“आमचा गडी आहे एक. का?”

“त्यांना फोन द्या.”

“त्याला?” ते हसले. “अहो, त्याला काय कळतंय?”

“द्या तर खरं.”

पलीकडे कुणाला तरी हाक गेली. बराच वेळ काही नाही, मग चपला काढल्याचा आवाज, मग कुणीतरी रिसीव्हर उलटा धरल्यासारखी खरखर. शेवटी एक दबका आवाज आला. “हालो? मी... मी काय बोलू?”

“तुम्ही रोज त्याच्याजवळ असता,” मी म्हणाले. “तुम्हाला काय दिसतं ते सांगा.”

तो आधी घुटमळला. मग म्हणाला, सकाळी पंप बरा असतो. मग म्हणाला, ऊन चढलं की आवाज बदलतो. आणि मग जो सुटला तो सुटलाच. नळी कुठं चिमटते, टाकीत खाली कसला गाळ बसतो, मालक पाणी कुठल्या हौदातलं घ्यायला लावतात आणि ते का घेऊ नये, सगळं. मी भराभरा लिहीत होते, पान संपलं, उलटलं. बारा मिनिटं झाली असतील. मधेच फोन हिसकावल्यासारखा झाला आणि मालकांचा आवाज आला, “अहो मॅडम, झालं का याचं?”

“अजून नाही,” मी म्हणाले. “परत त्यांच्याकडे द्या.”